वेगाचा भार पेलणारा मदरबोर्ड



संगणकाविषयीं बोलण्यास मी ध्वनिक्षेपकापुढें बसलों आहे हें ऐकून माझे जुने विद्यार्थी हंसले असतील. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण नाहीं आणि सारी हयात मुलांना अंकगणित व भूमिति शिकविण्यांत गेली. तथापि आजचा विषय मीं पुस्तकांतून उचललेला नाहीं. तो मला माझ्याच घरांत, माझ्याच हट्टापायीं शिकावा लागला. आणि त्या शिकवणीची फी मात्र माझ्या नातवाला भरावी लागली.

माझ्या मुलीचा मुलगा शिक्षणासाठीं पुण्यास आमच्याजवळ राहतो. त्याला ॲनिमेशनचा नाद आहे. एका कलाशिक्षणाच्या संस्थेंत प्रवेश मिळावा म्हणून 2023 च्या मार्चमध्यें त्यानें नव्वद सेकंदांची एक छोटी फिल्म करावयास घेतली. तिच्यासाठीं नवा संगणक हवा होता आणि पैसे मी देणार होतों. मोठें ग्राफिक्स कार्ड घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हां चित्रें तयार करण्याचें सारें ओझें प्रोसेसरवरच पडणार होतें. तो प्रोसेसर त्यानें पारखून घेतला, एएमडीचा बारा कोअरचा रायझन 9 5900 एक्स. मदरबोर्डाची वेळ आली तेव्हां मात्र आमचें बिनसलें. तो म्हणाला, "आजोबा, बोर्डावर थोडे अधिक घालूं या. प्रोसेसरचा वेग मला कदाचित् वाढवावा लागेल." त्यानें दाखविलेला बोर्ड 14,000 रुपयांचा होता आणि दुकानदारानें पुढें केलेला 6,000 चा. मीं म्हटलें, "अरे, बोर्ड म्हणजे देवघरांतला पाट. मूर्ति चांगली असली म्हणजे पाट कोणताहि चालतो." शिवाय त्या स्वस्त बोर्डाच्या खोक्यावर अग्निज्वाळांचें झोंकदार चित्र होतें आणि बोर्डावर तांबडे दिवे लुकलुकत होते. मला वाटलें, वेगासाठीं याहून अधिक काय पाहिजे? मुलगा मर्यादशील; तो गप्प बसला.

आतां थोडें गणित. एका सेकंदास 24 चित्रें, म्हणजे नव्वद सेकंदांस 2,160. एक चित्र तयार होण्यास मूळ वेगानें 4 मिनिटें 20 सेकंद लागत; एकूण 156 तास, अर्थात् साडेसहा दिवस. फिल्म पाठविण्यास आठ दिवस उरले होते व त्यांतला एक आवाज बसविण्यासाठीं राखलेला होता. हाताशीं अर्धाच दिवस शिल्लक, आणि वीज गेली तर तोहि नाहीं. म्हणून त्यानें प्रोसेसरचा वेग थोडा चढविला. चित्र चार मिनिटांवर आलें. बारा तास वांचणार होते. पहिलीं वीस मिनिटें सारें उत्तम चाललें. मग तो एका परीक्षेसाठीं चार दिवस मुंबईस गेला आणि पहारा माझ्यावर सोंपवून गेला. मी सकाळ-संध्याकाळ पडदा पाहत होतों. चित्रें येत होतीं, एवढेंच मला कळत होतें. तो परत आला, त्यानें मोजदाद केली, तों एकेका चित्राला सहा मिनिटें लागलेलीं. वेग वाढविला होता आणि काम मात्र मूळच्याहूनहि मंद झालें होतें!

हें कसें झालें तें समजण्यासाठीं वेग वाढविणें म्हणजे काय, तें आधीं पाहूं. प्रोसेसरच्या आंत एक ताल अखंड चालूं असतो. मदरबोर्ड 100 मेगाहर्ट्झचा मूळ ठेका देतो आणि प्रोसेसर त्यास एका गुणकानें गुणून आपली गति ठरवितो. गुणक 44 असला तर 4,400 मेगाहर्ट्झ, म्हणजे 4.4 गिगाहर्ट्झ. उत्पादकानें नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे ही गति नेणें यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. या छंदाचा सुवर्णकाळ बराच मागें गेला. 1998 सालीं इंटेलनें सेलेरॉन 300ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा साडेचारचा गुणक बदलतां येत नसे, परंतु 66 मेगाहर्ट्झचा मूळ ठेका बोर्डावरून 100 केला कीं 300 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर 450 नें चालूं लागे. एकदम दीडपट! त्या काळीं तैवानच्या ॲबिट कंपनीचा बीएच6 हा बोर्ड शौकिनांत प्रिय झाला, कारण एरवीं बोर्डावरच्या बारीक पिना चिमट्यानें बदलून जें साधावें लागे, तें त्या बोर्डावर बायॉसच्या पडद्यावर बसल्या जागीं करतां येई. पुढें 2011 च्या जानेवारींत इंटेलची नवी पिढी आली. तिच्यांत मूळ ठेका हलविण्यास जागाच फारशी उरली नाहीं, आणि गुणक उघडा ठेवलेले, नांवापुढें के हें अक्षर लावलेले प्रोसेसर निराळे विकले जाऊं लागले.

तेव्हां पहिली पारख चिपसेटची. बोर्डाचा चिपसेट परवानगीच देत नसेल तर बाकीचे गुण व्यर्थ. इंटेलकडे गुणक वाढविण्याची मुभा झेड मालिकेच्या चिपसेटांना आहे: झेड 690, झेड 790, आणि ऑक्टोबर 2024 मध्यें आलेल्या कोअर अल्ट्रा 200 एस पिढीसाठीं झेड 890. बी 760 सारख्या बोर्डावर के अक्षराचा प्रोसेसर बसतो, चालतोहि; पण त्या अक्षरासाठीं मोजलेले पैसे तेथें वाया जातात. बी मालिकेंत केवळ रॅमचा वेग वाढवितां येतो. एएमडीचें धोरण अधिक उदार आहे. तिचे बहुतेक रायझन प्रोसेसर उघडेच असतात आणि बी 550, बी 650, एक्स 670 या मध्यम व उच्च चिपसेटांवर ते हवे तसे चालवितां येतात. ए अक्षराचे ए 520, ए 620 हे मात्र प्रोसेसरचा वेग वाढवूं देत नाहींत. नांवाला भुलूं नये याचें उदाहरण म्हणजे बी 840: अक्षर बी, पण प्रोसेसरच्या बाबतींत मुभा नाहीं. उलट प्रोसेसरच बंदिस्त असण्याचाहि संभव असतो. 2022 चा रायझन 7 5800 एक्स3डी हा खेळांसाठीं नावाजलेला, पण त्याचा गुणक बंद होता. ही चौकशी पांच मिनिटांची आहे आणि ती दुकानांत जाण्यापूर्वीं करावी.

खरी पारख याच्या पुढची आहे, आणि मी फसलों तो येथेंच.

वेग वाढविला कीं बहुधा व्होल्टेजहि थोडें वाढवावें लागतें, नाहीं तर प्रोसेसर अडखळतो. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणांत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनीं वाढवा. 1.1 चा वर्ग 1.21; त्यास पुन्हां 1.1 नें गुणा, उत्तर 1.331. दहा टक्के वेगासाठीं तेहतीस टक्के अधिक वीज आणि तितकीच अधिक उष्णता! आतां ही वीज येते कोठून? पॉवर सप्लाय बोर्डाला 12 व्होल्ट देतो. प्रोसेसरला हवे असतात सव्वा व्होल्टच्या आसपास, परंतु प्रवाह मात्र प्रचंड. इंटेलच्या कोअर आय9 13900 के या प्रोसेसरची वरची मर्यादा 253 वॅट आहे. सव्वा व्होल्टनें भागा. 200 अँपिअरहून अधिक! आपल्या स्नानघरांतल्या गीझरचा जाड पिनांचा सॉकेट 16 अँपिअरचा असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या तळहाताएवढ्या जागेंत काय चाललें आहे याची कल्पना येईल.

बाराचे सव्वा व्होल्ट करण्याचें काम प्रोसेसरच्या कडेनें मांडलेली एक यंत्रणा करते. तिला व्हीआरएम म्हणतात. तिच्यांतल्या एकेका जोडणीला फेज हें नांव आहे. प्रत्येक फेजमध्यें मॉसफेट नांवाचे भराभर उघडझाप करणारे विजेचे दरवाजे, एक चौकोनी डबीसारखी कॉइल आणि कपॅसिटर असतात. कोंकणांतल्या रहाटगाडग्याची आठवण करा. एकच मोठें गाडगें असतें तर पाटांत पाणी धबकन् पडलें असतें व मध्यें खंड पडला असता. अनेक गाडगीं पाळीपाळीनें रिकामीं होतात म्हणून पाण्याची धार सलग राहते आणि एकाच गाडग्यावर भार येत नाहीं. फेजचें काम तसेंच. त्याचा फायदा आंकड्यांत मांडतों. एका दरवाज्यांत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. 160 अँपिअर चार फेजांत वांटले तर प्रत्येकीं 40. रोध 2 मिलिओहम धरा. 40 चा वर्ग 1,600, म्हणून प्रत्येक फेजमध्यें 3.2 वॅट आणि चारांत मिळून 12.8. तेंच आठ फेजांत वांटा: प्रत्येकीं 20 अँपिअर, 0.8 वॅट, आणि आठांत मिळून 6.4. तोटा निम्म्यावर आला, आणि तोहि दुप्पट जागेंत पसरला. उघडझापीचे इतर तोटे निराळे असतात. पण मुख्य हिशेब हा.

यावरून कोणी फेजांची संख्या मोजून बोर्ड घेईल तर तोहि फसेल. खोक्यावर सोळा लिहिलेलें असतें. त्यांत कांहीं रॅम व इतर भागांसाठीं असतात, आणि कधीं एकाच इशाऱ्यावर दोन-दोन जोड्या हालविलेल्या असतात. प्रत्येक फेज किती अँपिअरची, 50 ची कीं 90 ची, हेंहि पाहावें लागतें. आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे त्यांच्यावर उष्णता वाहून नेणारा हीटसिंक आहे कीं नाहीं. तो खरोखर जड, ॲल्युमिनियमचा, पाती असलेला असावा. कांहीं बोर्डांवर प्लास्टिकचें चकाकतें झांकण बसवून त्यालाच कवच म्हणतात. त्यानें उष्णता बाहेर जाण्याऐवजीं आंतच कोंडते.

आमच्या घरीं झालें तें एवढेंच. प्रोसेसरवर चांगला पंखा होता व त्याचें तापमान सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे अगदीं निर्धोक दिसत होतें. म्हणून नातवाला प्रथम कांहीं उमगेना. अर्धा दिवस त्यानें प्रोग्रॅम तपासले, रॅम काढून बसविली. अखेर त्यानें बोर्डाच्या वरच्या कोपऱ्याशीं बोट नेलें आणि चटका बसून मागें घेतलें. तेथें मोजक्या चार फेज होत्या आणि त्यांच्या मॉसफेटांवर हीटसिंकाचा पत्ताच नव्हता. ते तापून मर्यादेला पोंचत आणि बोर्ड स्वतःस वांचविण्यासाठीं प्रोसेसरचा वेग खालीं ओढी. निवले कीं पुन्हां वर. ज्वर एका अवयवांत आणि थर्मामीटर दुसऱ्याच ठिकाणीं, असा प्रकार! मुलानें कपाटावरचा टेबलफॅन काढला, संगणकाची बाजू उघडली आणि वारा थेट त्या कोपऱ्यावर सोडला. वेग मूळच्या गतीवर आणून ठेवला. चित्र पुन्हां 4 मिनिटें 20 सेकंदांत होऊं लागलें. पण हातांत आतां अडीचच दिवस होते. हिशेब करून त्यानें फिल्मचीं शेवटचीं पंधरा सेकंदें कापलीं. त्या पंधरा सेकंदांत त्याची आजी अंगणांत तुळशीला पाणी घालतांना होती. मीं कांहीं बोलावयाचा प्रयत्न केला, तो म्हणाला, "असूं द्या, आजोबा."

हवेच्या उष्णतेचाहि येथें संबंध आहे. परदेशांतले परीक्षक वीस-बावीस अंशांच्या खोलींत बोर्ड तपासतात. आपल्याकडे एप्रिलांत दुपारीं खोलींतच अडतीस अंश असतात, आणि हा सोळा ते अठरा अंशांचा फरक बहुतेक जसाच्या तसा त्या तापमानांत मिळवावा लागतो. म्हणून परीक्षणांत व्हीआरएमचें मोजलेलें तापमान दिलें असेल तर त्यांत आपला उन्हाळा घालून पाहावा. असें मोजमाप न देतां केवळ रंगरूपाचें वर्णन करणारें परीक्षण वाचण्यांत वेळ घालवूं नये, असें माझें मत आहे.

आतां बायॉस. वेग वाढवितांना कधीं तरी मर्यादा ओलांडली जाते आणि संगणक सुरूच होत नाहीं. अशा वेळीं जुनी स्थिति परत आणणारें बटण बोर्डाच्या मागील बाजूस असेल तर पेटी उघडावी लागत नाहीं. दुसरी सोय म्हणजे प्रोसेसर नसतांनाहि पेन ड्राइव्हवरून बायॉस बदलतां येणें. बोर्ड जुना व प्रोसेसर नवा असला कीं हिचें मोल कळतें. प्रोसेसरशेजारीं आठ पिनांची 12 व्होल्टची जोडणी पुरती आहे ना, तें पाहावें; केवळ चार पिना असतील तर तो बोर्ड या कामाचा नव्हे. बोर्डाची मार्गदर्शिका उत्पादकाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती खरेदीपूर्वीं वाचावी. आपण पाठ्यपुस्तक न पाहतां शाळा निवडतों, त्यांतलाच हा आळस आहे. रॅमचें थोडक्यांत सांगतों: तिच्या जाहीर केलेल्या वेगासाठीं एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय बायॉसमध्यें चालूं करावा लागतो, आणि बोर्डाच्या उत्पादकाच्या यादींत आपली रॅम आहे कीं नाहीं तें ताडून घ्यावें.

बोर्ड भारी असला म्हणजे सारें त्याच्यावर सोंपवून निजावें, असेंहि नाहीं. 2023 च्या एप्रिलांत कांहीं रायझन 7000 प्रोसेसर, विशेषतः एक्स3डी जातीचे, सॉकेटांतच जळाल्याचें उघडकीस आलें. रॅमचा वेगवान पर्याय निवडतांच बोर्ड एका भागास जरुरीपेक्षां अधिक व्होल्टेज देत होते. तेव्हां एएमडीनें त्या व्होल्टेजवर 1.3 ची मर्यादा घालणारे नवे बायॉस काढविले. 2024 मध्यें इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीचे प्रोसेसर अस्थिर होऊं लागले. चढें व्होल्टेज हें कारण ठरलें. ऑगस्ट व सप्टेंबरमध्यें दुरुस्त्या निघाल्या आणि कंपनीनें हमी दोन वर्षांनीं वाढविली. त्याच वर्षीं, बोर्डवाल्यांनीं आपल्या मनाच्या मोकळ्या मर्यादा न ठेवतां इंटेलच्या ठरीव मर्यादाच मूळ ठेवाव्यात, असेंहि सांगण्यांत आलें. म्हणजे आपण कांहीं न करतांहि बोर्ड आपल्या मनानें प्रोसेसरला जादा खाऊं घालत होता. बोर्ड घेतला कीं प्रथम बायॉस अद्ययावत् करावें आणि वीज व व्होल्टेज यांच्या मर्यादा स्वतः वाचाव्यात. वेग वाढविल्यानें झालेली हानि उत्पादकांच्या हमींत सहसा बसत नाहीं, हेंहि ध्यानांत असूं द्यावें.

मग इतका खटाटोप करावा तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. आजचे प्रोसेसर आपल्या मर्यादेच्या अगदीं जवळ आपण होऊन जातात. 1998 ची दीडपट आतां स्वप्नांतहि नाहीं. पत्रें लिहिणाऱ्यास, हिशेब ठेवणाऱ्यास, किंबहुना बहुतेक खेळ खेळणाऱ्यासहि यांत हशील थोडें. परंतु ज्याचें काम रात्रंदिवस चालतें त्यास शेंकडा सात-आठहि पुष्कळ होतात; आमच्या हिशेबांत ते बारा तास होते. आणि मजबूत व्हीआरएमचा बोर्ड वेग न वाढवितांहि उपयोगीच पडतो, कारण मूळचा वेग उन्हाळ्यांत टिकविणें हेंच त्याचें पहिलें काम आहे. यास्तव सर्वांत महाग बोर्ड घ्या असें मी म्हणत नाहीं. त्यांतले पुष्कळसे पैसे दिव्यांचे आणि जादा जोडण्यांचे असतात. मधल्या किंमतीचा, मुभा असलेल्या चिपसेटचा, जड हीटसिंकाचा बोर्ड गृहस्थाला पुरे.

तसा एक आम्हीं त्याच वर्षीं मुंबईस लॅमिंग्टन रोडवरून आणला. या खेपेस निवड नातवाची. मी केवळ पिशवी धरून उभा होतों. दुकानदारानें दिव्यांचें कौतुक चालविलें, तेव्हां मीं त्यास खोकें उघडून हीटसिंक दाखविण्यास सांगितलें. त्यानें माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलें आणि मुकाट्यानें कात्री आणली. जुना बोर्ड एका साध्या सहा कोअरच्या प्रोसेसरासह माझ्या टेबलावर असून त्या हलक्या कामांत त्याची कांहीं तक्रार नाहीं.

त्या वर्षीं नातवाला प्रवेश मिळाला नाहीं. तो पंधरा सेकंदांमुळेंच हुकला असें म्हणण्यास आधार नाहीं, आणि तो स्वतः तसें म्हणतहि नाहीं. पुढल्या वर्षीं दुसऱ्या एका संस्थेंत त्याला जागा मिळाली. दिवाळीच्या सुटींत त्यानें उरलेलीं चित्रें नव्या बोर्डावर करावयास लावलीं. वेग चढविलेला, चित्रागणिक चार मिनिटें, एक दिवस आणि एक रात्र. रात्रीं दोनदां उठून मीं त्या कोपऱ्याच्या हीटसिंकाला हात लावून पाहिला, कोंबट होता. सकाळीं आम्हीं तिघांनीं मिळून तो भाग पाहिला. आजीनें चष्मा पुसून दोनदां पाहिला आणि म्हणाली, "तुळस छान आली आहे रे; पण माझी मान एवढी वांकडी कुठें आहे?"